एक कुस्ती आणि नव्वद दिवस

प्रत्येक धंद्याचे आपले एक पंचांग असते. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानपट्ट्यात चैत्रात मोहफुले वेचावयाची, वैशाखात वाघाची धास्ती मनात बाळगून तेंदूपत्ता तोडावयाचा, आषाढ-श्रावणात चिखलात उभे राहून रोवणी करावयाची, आणि धान घरात आले म्हणजे मंडई भरवून रात्र रात्र नाटके पाहावयाची, असा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. शाळामास्तराचे पंचांग जूनच्या अखेरीस उघडते आणि एप्रिलात मिटते. ज्या घरात दोन-तीन धंद्यांची माणसे एका चुलीवर जेवतात, त्या घरात ही निरनिराळी पंचांगे एकमेकांस सांभाळून घेतात, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. पंचांगाचा मोठा गुण हा की, आजचा दिवस वाईट गेला तरी पुढचा दिवस कोणता, हे ते सांगते. धान बुडाले तर मोहाची वाट पाहता येते. सहामाहीत मुलगा घसरला तर वार्षिक परीक्षेची तारीख भिंतीवर लिहिलेली असते.

मग पहिलवानाचे पंचांग कोणते? हा प्रश्न आम्हांस सहज सुचला असे मात्र कोणी समजू नये. दर एक-दोन वर्षांनी आमच्या परिचयाच्या एखाद्या घरात तो उभा राहतो. दहावीच्या उंबरठ्यावरचा एखादा दणकट मुलगा दंगलीत दोन कुस्त्या मारून येतो आणि कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या तालमीत जाण्याचा हट्ट धरून बसतो. आजोबा म्हणतात, विद्या सोडून हे काय भलतेच! आई दूध, तूप, बदाम यांचा हिशेब मांडू लागते. काकांस पोलिसांतील भरती दिसू लागते. आणि वडील मास्तरांचा सल्ला घ्यावा म्हणून आमच्या ओटीवर येऊन बसतात. अशा वेळी ‘पाठवा’ किंवा ‘पाठवू नका’ असे एका शब्दात सांगून मोकळे होणे सोपे आहे. परंतु एका घराचे पाच-सहा वर्षांचे दूध-तूप आणि एका मुलाचे ऐन तारुण्य पणास लागले असता, त्या विद्येचे वर्ष कसे चालते आणि त्या वर्षात हरणाऱ्याचे काय होते, हे आधी पाहिले पाहिजे, असे आमचे मत आहे. जिंकणाऱ्याची चिंता कोणासच करावी लागत नाही.

याचा विचार करिताना आम्हांस जपानकडे पाहण्याची बुद्धी झाली. तेथे सुमो नावाची मल्लविद्या आहे. अवाढव्य देहाच्या दोन पुरुषांची क्षणभराची ढकलाढकल, अशी तिच्याविषयी आपल्याकडे समजूत आहे आणि चित्रे पाहून मुले हसतात. वस्तुतः ती विद्या मोठी शिस्तीची आहे. चिकणमाती चोपून केलेला उंच ओटा. त्यावर भाताच्या तणसात माती भरून केलेल्या वळकट्यांचे वर्तुळ, त्याचा व्यास ४.५५ मीटर, म्हणजे सुमारे पंधरा फूट. मल्ल ओट्यावर चढला म्हणजे मीठ फेकून जागा शुद्ध करितो. वर्तुळाबाहेर ज्याचे पाऊल पडले, किंवा तळपायावाचून अंगाचा कोणताही भाग ज्याचा मातीस टेकला, तो हरला. आपल्याकडे दोन्ही खांदे मातीस लागल्याखेरीज कुस्ती चितपट होत नाही. तेथे हाताचे एक बोट टेकले तरी पुरे.

परंतु आमचे लक्ष वेधले ते या नियमांनी नव्हे, तर सुमोच्या वर्षाने. १९५८ सालापासून तेथे वर्षाकाठी सहा मोठ्या स्पर्धा होतात. जानेवारी, मे आणि सप्टेंबर या महिन्यांत टोकियोस, मार्चमध्ये ओसाकास, जुलैत नागोयास आणि नोव्हेंबरात फुकुओकास. प्रत्येक स्पर्धा पंधरा दिवसांची. रविवारी सुरू होते व रविवारी संपते. वरच्या दोन वर्गांतील सत्तर मल्लांनी रोज एक याप्रमाणे पंधरा कुस्त्या करावयाच्या, खालच्या वर्गांतील मल्लांनी त्याच पंधरा दिवसांत सात. सहा वेळा पंधरा, म्हणजे वर्षाचे नव्वद दिवस. हे पंचांगही काही आकाशातून पडले नाही. पूर्वी तेथेही वर्षातून दोनदाच, दहा-दहा दिवसांचे मेळे भरत. वाढता वाढता त्यास आजचे रूप आले.

दर स्पर्धेपूर्वी एक मोठा तक्ता प्रसिद्ध होतो. त्यास बांझुके म्हणतात. त्यात श्रेष्ठ मल्लांपासून नवशिक्यांपर्यंत सुमारे सहाशे जणांची नावे कुंचल्याने हाताने लिहिलेली असतात आणि ती लिहिण्याचे काम पंचांकडेच असते. वरच्यांची नावे ठसठशीत. खाली येता येता अक्षर बारीक होत जाते, ते इतके की तळाचे नाव वाचावयास भिंग घ्यावे लागते. परंतु नाव असते! या तक्त्यावरचे स्थान मागील स्पर्धेतील यशापयशावर ठरते. पंधरांपैकी आठ कुस्त्या जिंकल्या की मल्ल वर चढतो. आठ हरल्या की खाली उतरतो. केवळ एक कुस्ती गेली म्हणून कोणी बाहेर फेकला जात नाही. आज हरलेल्यास उद्या दुपारी पुन्हा माती आहे; ही स्पर्धा वाईट गेली तर दोन महिन्यांनी दुसरी आहे. सर्वश्रेष्ठ पदास योकोझुना म्हणतात. त्या पदावरच्यास मात्र खाली उतरवीत नाहीत. त्यास झेपेनासे झाले म्हणजे त्याने निवृत्त व्हावे, असा रिवाज आहे. ज्यास उतरण्याची पायरीच नाही, त्यास दारच धरावे लागते. त्या मानाने खालच्यांचे भाग्य थोर म्हटले पाहिजे.

या व्यवस्थेत काय घडते हे पाहावयाचे तर २०२५ चे वर्ष घ्यावे. जानेवारीत मंगोलियातून आलेला होशोरियू विजेता झाला व लवकरच योकोझुना झाला. मार्चमध्ये ओनोसातो या जपानी तरुणाने बाजी मारली. मे महिन्यात पुन्हा त्यानेच, आणि तोही योकोझुना झाला. जुलैत नागोयास कोतोशोहो नावाच्या, वरच्या वर्गात अगदी तळाशी असलेल्या मल्लाने सर्वांस मागे टाकले. सप्टेंबरात पुन्हा ओनोसातो. नोव्हेंबरात आओनिशिकी, हा मूळचा युक्रेनचा. मायदेशात युद्ध पेटल्यामुळे २०२२ साली घर सोडून जपानात आलेला एकवीस वर्षांचा मुलगा. ही नावे वाचक विसरले तरी चालेल. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. या सहांपैकी एकाही स्पर्धेत विजेत्याने पंधराच्या पंधरा कुस्त्या जिंकल्या नाहीत. तीन स्पर्धांत तर विजेता तीन-तीन वेळा हरलेला होता. हरूनही मनुष्य विजेता होऊ शकतो, हे तेथील लहान मुलासही ठाऊक असते.

याहून बोलके उदाहरण तेरुनोफुजीचे आहे. हा २०१५ साली ओझेकी, म्हणजे योकोझुनाच्या खालोखालच्या पदास पोहोचला. पुढे गुडघे गेले, मधुमेह जडला; शस्त्रक्रिया झाल्या, स्पर्धा चुकू लागल्या आणि तक्त्यावरचे त्याचे नाव खाली खाली घसरत २०१९ च्या मार्चमध्ये शेवटून दुसऱ्या वर्गात, कोवळ्या पोरांच्या पंगतीत येऊन बसले. ज्या पदावर असता इतरांनी त्याची सेवा करावयाची, त्या पदावरून उतरून नवशिक्यांबरोबर माती झाडावयाची, ही मानहानी सामान्य नव्हे. परंतु पायऱ्या जागच्या जागी होत्या. तो एकेक चढत गेला. २०२० च्या जुलैत वरच्या वर्गाचा विजेता झाला, २०२१ साली योकोझुना झाला आणि दहा विजेतेपदे मिळवून २०२५ च्या जानेवारीत मानाने निवृत्त झाला. त्या मल्लाचे धैर्य मोठे खरेच. परंतु त्या धैर्यास पाय ठेवावयास जागा कोणी राखून ठेविली होती, हेही पाहिले पाहिजे. पायरीच नसती, तर ते धैर्य कोठे चढले असते?

आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्रास कुस्तीचे वैभव कमी नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरास खासबागेचे मैदान उभे राहून १९१२ साली खुले झाले. विदर्भात अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ जगास दाखविले. आपल्या वर्गातील वाचकांस ही विद्या परकी वाटत असेल, तर त्यांनी दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांचे स्मरण करावे. मल्लखांबाची विद्या त्यांनीच नव्याने उभी केली.

पहिलवानाचे आपल्याकडील वर्ष म्हणजे जत्रांचे वर्ष. पावसाळ्यात तालमीत मेहनत करावयाची. नागपंचमीस आखाड्याची पूजा व्हावयाची. ताक, तेल, हळद, लिंबू व काव घालून माती मळावयाची. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि चैत्र-वैशाखाच्या यात्रांत तो भरास येतो. हलगी कडाडते, फेटे उडतात, लहान पोरे नारळावर किंवा रेवड्यांवर लढतात आणि शेवटी मोठ्या इनामाची जोड लागते. हे सर्व पाहावयास फार गोड आहे. परंतु जोड कोणी ठरवावयाची? गावची पंचकमिटी, देणगीदार आणि वस्तादांची ओळख. ज्याचे नाव झाले त्यास बोलावणे येते. ज्याच्या खांद्यास दुखापत झाली किंवा जो एका मैदानात पडला, त्यास पुढील बोलावणे केव्हा येईल, हे कोणत्याही पंचांगात लिहिलेले नाही. आमच्या रानपट्ट्यातील मुलाची स्थिती तर याहून अवघड. मंडईत त्याने दोन जोडीदार पाडले, तर तिसऱ्यासाठी पुढल्या मंडईपर्यंत वाट पाहावी, नाहीतर पाचशे-सातशे किलोमीटर दूर जावे.

या सर्वांच्या शिखरावर महाराष्ट्र केसरी. १९६१ सालापासून ही गदा दिली जाते. दिनकर दह्यारी हे पहिले मानकरी. गादीवरचा विजेता आणि मातीवरचा विजेता यांची शेवटची कुस्ती होते आणि जो जिंकेल त्यास वर्षभर महाराष्ट्र डोक्यावर घेतो. मान फार मोठा आहे. आमचे म्हणणे इतकेच की, वर्षात एकच शिखर, आणि तेथे जाण्याच्या वाटेवर एक पाऊल घसरले की पुन्हा वर्षभर दरीत. शालेय कुस्त्याही तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात. परंतु त्या पायऱ्या जिंकणाऱ्यासाठी आहेत. तालुक्यास हरलेल्या मुलास पुढल्या वर्षाखेरीज गती नाही, आणि वाढीच्या वयातील एक वर्ष म्हणजे काय, हे मास्तरास ठाऊक असते.

याचा परिणाम २०२५ साली सर्वांनी पाहिला. २ फेब्रुवारीस अहिल्यानगर येथे गादीवरील अंतिम कुस्तीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळ यांस विजयी ठरविले. पूर्वी ही गदा मिळविलेले शिवराज राक्षे यांस तो निर्णय मान्य झाला नाही. आपले दोन्ही खांदे टेकले नाहीत असे त्यांचे म्हणणे होते. वाद वाढला आणि त्यांची लाथ पंचांस लागली. पुढे मोहोळ आणि महेंद्र गायकवाड यांच्या शेवटच्या कुस्तीतही काही क्षण उरले असता गायकवाड पंचांवर नाराज होऊन बाहेर पडले. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाले आणि त्या दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. पंचावर हात वा पाय उगारणे हे गुरूवर उगारण्यासारखेच; त्याचे समर्थन आम्ही कधीही करणार नाही. परंतु वाचकहो, त्या मल्लाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. वर्षभराचा घाम, घरच्यांचा पैसा, वस्तादाची आशा ही सर्व एका पंचाच्या एका दृष्टिक्षेपावर टांगलेली. आज गेले की उद्या नाही. इतका भार एका क्षणावर टाकिला, तर तो क्षण कधीतरी मोडणारच. भरीस भर म्हणून त्याच वर्षी मार्च महिन्यात त्याच जिल्ह्यातील कर्जत येथे दुसऱ्या संघटनेने आपली निराळी महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरविली आणि वेताळ शेळके तेथील मानकरी झाले. एका वर्षास दोन केसरी! दोघेही मल्ल आपापल्या जागी थोर. परंतु गावच्या पोराने कोणत्या वाटेने चढावयाचे, हे त्यास कोणी सांगावे?

वादग्रस्त निकाल जपानातही होतात. तेथे पंचाने कौल दिला तरी ओट्याभोवती बसलेल्या पाच परीक्षकांपैकी कोणासही शंका आली, तर तो हात वर करितो. मग पाचही जण वर चढून विचारविनिमय करितात, चित्रफीत पाहणाऱ्यांचे म्हणणे ऐकतात आणि मुख्य परीक्षक आपला निर्णय कारणासह सर्व प्रेक्षकांस ऐकवितो. निर्णय लागत नसेल तर कुस्ती पुन्हा लावितात. मुख्य पंचाच्या कमरेस लहान कट्यार असते. चुकीचा कौल दिल्यास प्राण देण्याची तयारी, असा त्याचा जुना अर्थ. चित्रफितीची ही सोय एका चुकीतूनच आली. १९६९ च्या मार्चमध्ये ताइहो नावाचा महान योकोझुना सलग ४५ कुस्त्या जिंकल्यावर हरला. छायाचित्रांवरून उघड झाले की, आधी बाहेर पडलेला पाय प्रतिपक्षाचा होता. ताइहोने परीक्षकांवर राग काढला नाही. निर्णय इतका अटीतटीचा व्हावा अशी कुस्ती आपण केली, हाच दोष त्याने मानिला. संघटनेनेही आपले शहाणपण दाखविले आणि पुढील स्पर्धेपासून चित्रफीत पाहण्याचा नियम केला. त्याच मे महिन्याच्या स्पर्धेत ताइहो पुन्हा विजेता झाला. हे थोर मन त्याचे स्वतःचे होते, यात शंका नाही. परंतु मार्चनंतर मे ठरलेला होता, हेही तितकेच खरे. अपमान गिळावयास पुढची तारीख लागते.

कोणी म्हणेल, मास्तर परदेशाच्या गोष्टींनी भुलले. तसे नाही. जपानच्या व्यवस्थेत जे वाईट आहे तेही सांगितले पाहिजे. आठ विजयांची रेषा ही जशी हरणाऱ्याची शिडी, तशीच ती लबाडीचे बीजही झाली. शेवटच्या दिवशी सात जिंकून सात हरलेल्या मल्लास आठवा विजय जिवाभावाचा. आणि ज्याचे आठ आधीच झाले त्यास एक हरून काही बिघडत नाही. मग देवघेव सुरू होते. अशा ठरवून केलेल्या कुस्त्या २०११ साली मोबाइलवरील संदेशांतून उघडकीस आल्या, वीसांहून अधिक मल्लांस विद्या सोडावी लागली आणि त्या मार्चची ओसाकाची स्पर्धाच रद्द झाली. आपल्याकडे यास नुरा कुस्ती म्हणतात. नाव आहे त्यावरून रोग आपल्यासही ठाऊक आहे. त्याआधी २००७ साली एका तालमीत सतरा वर्षांचा शिकाऊ मुलगा मारहाणीने मरण पावला आणि वस्तादास कारावास झाला. खालच्या वर्गांतील मल्लांस मासिक वेतन नाही. स्वयंपाक, झाडलोट आणि वरिष्ठांची सेवा करीत दिवस काढावे लागतात.

दुसरा दोष वजनाचा. सव्वाशे किलोच्या मल्लास पावणेदोनशे किलोच्या पुढे उभे करितात. वजनाचे गट नाहीत. गुडघे जातात ते उगाच नव्हे. विषम जोडीचा हा दोष आमच्या पूर्वजांच्या ध्यानात आला होता. भागवताच्या दशम स्कंधात चाणूर-मुष्टिक यांच्यापुढे कृष्ण-बलराम उभे राहिले असता, ही जोड न्यायाची नव्हे, आणि असे जेथे चालते त्या सभेत बसणेही योग्य नव्हे, अशी तक्रार करितात त्या प्रेक्षक स्त्रिया. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात तर मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात वय, बळ यांवरून मल्लांचे वर्ग केलेले आहेत. वर्गवारी ही पाश्चात्त्यांकडूनच आपल्याकडे आली असे मानणाऱ्यांनी ते अवश्य पाहावे.

आणि स्त्रियांचा विषय निघालाच आहे, तर एका गोष्टीत जपानने आमच्याकडून शिकावे. सुमोच्या ओट्यावर स्त्रीने पाऊल ठेवावयाचे नाही, असा तेथे दंडक आहे. २०१८ साली माइझुरू गावी भाषण करिताना नगराध्यक्ष ओट्यावर कोसळले. त्यांचा प्राण वाचविण्यास ज्या स्त्रिया वर धावल्या, त्यांस खाली उतरण्याचा पुकारा झाला, आणि मागाहून संघटनेस क्षमा मागावी लागली. आमच्याकडे २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीस प्रतीक्षा बागडी ही महिला महाराष्ट्र केसरी झाली. २०२५ च्या जानेवारीत आमच्या विदर्भातील, वर्ध्याजवळच्या देवळीस भाग्यश्री फंड हिने तो मान मिळविला. देवळी आमच्यापासून दूर नाही. मुलींनी मातीत उतरू नये असे म्हणणारे आजोबा आमच्याही परिचयाचे आहेत. परंतु मैदानातील अन्याय प्रथम ज्यांनी ओळखला त्या स्त्रियाच होत्या, हे त्यांनी भागवत वाचताना ध्यानात घ्यावे.

असो. गुणदोष दोन्हीकडे आहेत. या सर्व विचारातून आम्हांस जे सापडले, ते इतकेच. कोणतीही विद्या चांगली की वाईट, हे तिच्या विजेत्यावरून ठरवू नये. ती हरणाऱ्याचे काय करिते, यावरून ठरवावे. शाळेत आम्ही हेच पाहिले. आमच्या नोकरीच्या दिवसांत दहावीस नापास झालेल्या मुलास ऑक्टोबरच्या परीक्षेची वाट पाहावी लागे. तोवर वर्ष बुडे, पोर गुरांमागे किंवा मजुरीस जाई, आणि गेलेले पोर क्वचितच परत येई. २०१५ पासून ती परीक्षा जुलैत होऊ लागली. अभ्यासक्रम तोच, मास्तर तेच, परीक्षा तितकीच कठीण; केवळ तारीख अलीकडे आली, आणि त्याच वर्षी पुढे शिकावयाची वाट उघडी राहिली. मुलाची बुद्धी आपण वाढवू शकत नाही, परंतु त्याची तारीख अलीकडे आणू शकतो. आमच्या रानातील मुले कशास कमी नाहीत. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. ती काही एका दिवसाची हिंमत नव्हती. त्यापूर्वी महिनोन् महिने त्यांस पायरीपायरीने तयार केले होते.

कुस्तीतही हे अशक्य नाही. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकी आहे, हे ठरलेले होते. म्हणून ते पराभव घेऊन घरी बसले नाहीत. १९५२ साली जावयास पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. जाधवांनी कांस्यपदक आणिले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. घर गहाण ठेवणारा तो शिक्षक आम्हांस त्या पदकाइतकाच वंद्य वाटतो. कारण पहिल्यांदा हरलेल्या विद्यार्थ्यावर त्याने दुसऱ्यांदा विश्वास ठेविला.

ज्यांच्या घरात असा हट्ट उभा आहे, त्यांनी तालीम पाहावयास जाताना भिंतीवरील गदांची व ढालींची मोजदाद करू नये. वस्तादांस नमस्कार करून तीन गोष्टी विचाराव्या. येथील मुलास वर्षात किती वेळा आपल्या तोलाच्या जोडीदाराशी लढावयास मिळते? ज्याचा हात-पाय मोडला, त्यास बरे होईपर्यंत कोण सांभाळतो, आणि येथे शाळा सुटत नाही ना? आणि तिसरे, जो मागील हंगामात हरला तो मुलगा आज कोठे आहे, तो आम्हांस दाखवा. तो मुलगा जर अंगास माती लावून आखाड्यातच उभा असेल, तर आजोबांनी खुशाल आशीर्वाद द्यावा आणि आईने दुधाचा रतीब वाढवावा. तो कोठे गेला हे वस्तादांसच ठाऊक नसेल, तर गदा कितीही असोत, मुलास घरी आणावे आणि गावच्या मारुतीपुढील मोकळ्या जागेत चार घरांनी मिळून माती टाकावी. दर अमावास्येस चार गावची पोरे एकत्र यावीत, वजनाप्रमाणे जोडी लावाव्यात, आणि कोण जिंकले कोण हरले याची वही एखाद्या निवृत्त मास्तराकडे द्यावी. त्यास फावला वेळ पुष्कळ असतो. मात्र त्या वहीत हरलेल्याचे नावही नीट अक्षरात लिहावे, आणि त्यापुढे त्याच्या पुढल्या कुस्तीची तारीख.